इंग्रजीचा तास लॅबमध्ये हवा

महाराष्ट्रातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजातलं जर्नल, म्हणजे प्रयोगवही, उघडा. सिव्हिलचं असो, मेकॅनिकलचं असो की ई अँड टीसीचं (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन), प्रयोगाच्या शेवटी बहुतेक वेळा एकच वाक्य भेटतं: 'हेन्स वी हॅव स्टडीड' आणि पुढे प्रयोगाचं नाव. 'कन्क्लुजन' या शीर्षकाखाली हे वाक्य वर्षानुवर्षं उतरवलं जातंय, सीनियरच्या जर्नलातून ज्युनियरच्या जर्नलात. प्रयोगाआधीच लिहून ठेवता येईल असा हा निष्कर्ष आहे, आणि पुष्कळदा तो खरोखरच आधी लिहिलेला असतो.

एफएम (फ्लुइड मेकॅनिक्स) लॅबमधला व्हेंच्युरीमीटरचा, म्हणजे नळीतला प्रवाह मोजणाऱ्या साधनाचा, प्रयोग घ्या. टाकीत मोजलेला प्रत्यक्ष प्रवाह भागिले दाबातल्या फरकावरून काढलेला सैद्धांतिक प्रवाह म्हणजे विसर्ग गुणांक, ज्याला लॅबमध्ये सगळे सीडी म्हणतात. घर्षणात थोडी ऊर्जा जाते, म्हणून तो एकापेक्षा कमी यायला हवा, साधारण ०.९५ ते ०.९९. एका बॅचचा सीडी १.०४ आला. टाकी ५० सेंमी बाय ५० सेंमीची, पाणी १० सेंमी चढलं, म्हणजे २५ लिटर. वेळ १२.५ सेकंद, म्हणून प्रवाह सेकंदाला २ लिटर. आता स्टॉपवॉच दाबायला एक सेकंद उशीर झाला असं धरा. खरा वेळ १३.५ सेकंद, प्रवाह १.८५ लिटर आणि सीडी ०.९६. एका सेकंदाने अशक्य उत्तर शक्य झालं. किंवा दाबातला फरक मोजणाऱ्या मॅनोमीटरच्या नळीत हवेचा बुडबुडा अडकून तो फरक कमी दिसला असेल. त्यानेही सीडी वर जातो. या बॅचच्या जर्नलात काय लिहिलेलं असतं? सीडी = १.०४, हेन्स वी हॅव स्टडीड व्हेंच्युरीमीटर.

त्याच मुलांना मराठीत विचारा, 'अरे, एकाच्या वर कसं गेलं?' क्षणभर एकमेकांकडे पाहून कुणीतरी म्हणतं, 'सर, घड्याळ उशिरा दाबलं असणार.' म्हणजे विचार डोक्यात आहे. तो कागदावर आणायची वेळ आजवर कुणी आणलेली नाही, आणि आणायचा कसा हे कुणी शिकवलेलं नाही. या लेखाचा सगळा मुद्दा इथेच आहे. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला लागणारं वाचनाचं आणि लेखनाचं इंग्रजी हे त्याच्या विषयाचंच अंग आहे. ते पहिल्या वर्षाच्या एका सुट्या पेपरात शिकवून येत नाही. ते लॅबमध्ये, प्रयोगाच्या आकड्यांवर, टर्मवर्कचे, म्हणजे सेमिस्टरभराच्या कामाचे, मार्क लावून आणि मराठीचा उघड आधार घेऊन शिकवायला हवं.

आज ते कुठे शिकवलं जातं? एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात इंग्रजीला ३ क्रेडिट आहेत. शब्दसंग्रह, नेहमीच्या चुका, उताऱ्याचं आकलन, सारांशलेखन, निबंध आणि थोडं तोंडी इंग्रजी, असा तो विषय. विद्यापीठागणिक नाव आणि वेळापत्रक बदलतं, पण साचा बराचसा असाच राहतो. विषय वाईट नाही. पण तो अशा वेळी येतो, जेव्हा मुलांनी अजून एकही खरा टेक्निकल मजकूर हातात घेतलेला नसतो. ज्या सेमिस्टरला पहिला डेटाशीट (सुट्या भागाचं माहितीपत्रक), पहिला आयएस कोड (भारतीय मानक), पहिला शोधनिबंध समोर येतो, तोवर इंग्रजीचा विषय 'निघालेला' असतो. आणि डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला येणाऱ्यांच्या वाट्याला तर डिग्रीचं पहिलं वर्षच येत नाही. हाताने काम केलेली, मशीनची उत्तम जाण असलेली ही मुलं थेट तिसऱ्या सेमिस्टरच्या पुस्तकांसमोर येऊन बसतात. इंग्रजीच्या बाबतीत त्यांच्यासाठी व्यवस्थाच नसणं हा मला सरळ अन्याय वाटतो.

इथे एक गैरसमज आडवा येतो. कॉलेजात 'इंग्रजी सुधारायचं' म्हटलं की लगेच बोलायचं इंग्रजी डोळ्यासमोर येतं: ग्रुप डिस्कशन, मुलाखत, उच्चार, सॉफ्ट स्किल्स. प्लेसमेंटच्या हंगामात त्याची गरज आहेच. पण फाडफाड बोलणारा मुलगा डेटाशीट नीट वाचू शकेल याची काही खात्री नसते, आणि चारचौघांत तोंड न उघडणारी मुलगी उत्तम रिपोर्ट लिहू शकते. ही दोन वेगळी कामं आहेत. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. पुष्कळ शाळांत सेमी-इंग्रजीही आलं. त्यामुळे आजची मुलं सुटे शब्द ओळखतात. अडतात ती लांब वाक्यात.

त्यातही कुठल्या शब्दांवर अडतात ते पाहण्यासारखं आहे. टॉर्क, शिअर, इम्पीडन्स हे शब्द त्यांना ठाऊक असतात, कारण ते विषयाबरोबर शिकवले जातात. रोजचे साधे शब्दही ठाऊक असतात. अडचण मधल्या थराची असते: डिराइव्ह, असम्प्शन, सब्सिक्वेंट, व्हेअरॲज, कॉरस्पॉन्डिंग, नॉटविथस्टँडिंग. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अशा शब्दांची यादी केली. त्यात ५७० शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं) आहेत, आणि कुठल्याही विद्याशाखेच्या अभ्यासू मजकुरात साधारण दहातला एक शब्द या यादीतला निघतो. हे शब्द कुणाच्याच अखत्यारीत येत नाहीत. विषयाच्या सरांना ते 'इंग्रजीचे' वाटतात, इंग्रजीच्या मॅडमना 'टेक्निकल' वाटतात. आठवड्याला दहा शब्द, तेही त्या आठवड्याच्या प्रयोगाच्या मजकुरातून उचललेले, एवढं केलं तरी चार सेमिस्टरमध्ये यादी संपते.

शब्दांपेक्षा मोठा अडसर वाक्यरचनेचा, आणि तिथे मराठी आपल्या मदतीला येते. ५५५ टायमरची आयसी (इलेक्ट्रॉनिक चिप) सगळ्यांनी वापरलेली असते. तिच्या डेटाशीटमध्ये एका तक्त्यात सप्लाय व्होल्टेजपुढे १८ व्होल्ट लिहिलंय, तर दुसऱ्या तक्त्यात ४.५ ते १६ व्होल्ट. पहिल्या तक्त्याचं शीर्षक 'ॲब्सोल्यूट मॅक्सिमम रेटिंग्ज', दुसऱ्याचं 'रेकमेंडेड ऑपरेटिंग कंडिशन्स'. मुलं पहिला तक्ता बघतात आणि १८ पर्यंत चालेल असं धरून बसतात. पहिल्या तक्त्याबरोबर बारीक अक्षरात एक लांबलचक वाक्य असतं. त्याचा आशय असा: हे आकडे फक्त ताण सोसण्याचे आहेत, शिफारस केलेल्या स्थितींच्या पलीकडे आयसी काम करेल असा अर्थ यातून काढू नये. या वाक्यात 'इम्प्लाय' हे क्रियापद नकारात येतं आणि 'दोज इंडिकेटेड' मधला 'दोज' कुणाकडे बोट दाखवतो ते कळत नाही. वाक्य तिथेच फसतं.

वर्गात हे वाक्य जो-तो लावून सोडवायचं. 'ज्या स्थिती खालच्या तक्त्यात दिल्या आहेत, त्यांच्या पलीकडे ही आयसी काम करेल, असं आम्ही म्हणत नाही.' इंग्रजी नाम आधी ठेवतं आणि त्याचं वर्णन मागून जोडत जातं. मराठी 'ज्या भाराला नमुना मोडतो तो भार' असं वर्णन पुढे घेते. प्रत्येक 'विच', प्रत्येक 'दॅट', प्रत्येक 'दोज' सापडला की त्याच्यावर पेन्सिलीने बाण काढायचा आणि तो ज्या नामाकडे जातो त्याखाली रेघ मारायची. मग जो-तोचं मराठी वाक्य समासात लिहायचं. एका तासात अशी सहा-सात वाक्यं होतात, जास्त नाही. संथ वाटतं, पण तीन-चार आठवड्यांत मुलं बाण न काढता वाचू लागतात. मराठीत भाषांतर करायला लावलं की इंग्रजी बिघडतं, असं मानणाऱ्या शिक्षकांशी मी इथे असहमत आहे. पूर्ण उताऱ्याचं भाषांतर नकोच. पण अडलेल्या एका वाक्याची गाठ स्वतःच्या भाषेत सोडवणं हा वाचनाचा सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे.

सिव्हिलच्या मुलांसाठी याहून चांगला मजकूर म्हणजे आयएस ४५६:२०००, आपला काँक्रीटचा कोड. त्यातलं १५.४ हे कलम जेमतेम तीन वाक्यांचं आहे. चाचणीच्या तीन काँक्रीट ठोकळ्यांच्या ताकदीची सरासरी हा त्या नमुन्याचा निकाल धरावा. वैयक्तिक फरक सरासरीच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. जास्त असेल तर त्या नमुन्याचा निकाल अग्राह्य. तिसरं वाक्य इंग्रजीत 'इफ मोअर' एवढ्यावर सुरू होतं. मोअर म्हणजे काय जास्त? कशापेक्षा? हा प्रश्न वर्गात विचारला की तीन वेगळी उत्तरं येतात. कुणी सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान ठोकळ्यातला फरक धरतो, कुणी सरासरी आणि अपेक्षित ताकद यांतला. 'इंडिव्हिज्युअल' हा शब्द नीट वाचला तरच कळतं, की प्रत्येक ठोकळा सरासरीशी ताडून बघायचाय. आता आकडे घ्या: २८.४, २७.६ आणि २०.२ न्यूटन प्रति चौरस मिमी. सरासरी २५.४, तिचे १५ टक्के ३.८१. तिसरा ठोकळा सरासरीपेक्षा ५.२ ने खाली आहे. नमुना बाद. २५.४ हा आकडा कुठेही वापरता येत नाही. 'इफ मोअर' न कळलेला इंजिनिअर मात्र तो रजिस्टरमध्ये लिहून सही करतो.

कोडच्या भाषेत 'शॅल', 'शुड' आणि 'मे' हे तीन शब्द तीन वेगळ्या वजनांचे आहेत: बंधन, शिफारस, मुभा. आपल्या शाळेत 'शॅल' म्हणजे भविष्यकाळ एवढंच शिकवलेलं असतं. त्याच कोडच्या ५.४.३ मध्ये समुद्राच्या पाण्याबद्दल लिहिलंय. काँक्रीट कालवायला किंवा त्याचं क्युअरिंग करायला (ओलं ठेवून पक्कं होऊ द्यायला) ते वापरण्याची शिफारस नाही. अगदीच टाळता येत नसेल तर आत लोखंड नसलेल्या साध्या काँक्रीटमध्ये, संभाव्य तोटे लक्षात घेऊन, ते वापरता येईल. रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातल्या साइटवर उभा असलेला मुलगा या वाक्यातलं 'मे बी यूज्ड' तेवढं वाचून थांबला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. लोखंडाबद्दलची अट त्याच वाक्यात पुढे आहे. वाक्य शेवटपर्यंत वाचणं ही इथे बांधकामाच्या सुरक्षिततेची गोष्ट आहे.

आता लेखनाकडे. लॅब मॅन्युअल आज्ञार्थात लिहिलेलं असतं: मॅनोमीटर जोडा, हवा काढा, तीन रीडिंग घ्या. मॅन्युअल ही सूचना असते आणि रिपोर्ट ही नोंद असते, हा फरक मुलांना कुणी सांगत नाही. त्यामुळे 'कनेक्ट', 'रिमूव्ह', 'टेक' ही आज्ञार्थी वाक्यं जशीच्या तशी 'प्रोसीजर' खाली येतात. आपण काय केलं हे कुठेच नोंदलं जात नाही. मग इंग्रजीच्या तासाला पॅसिव्ह व्हॉइसचे नियम पाठ होतात आणि एफएमच्या जर्नलात 'टेक द रीडिंग्ज' तसंच राहतं.

या ठिकाणी मराठी मुलांकडे एक तयार शिदोरी आहे, ती वापरायला हवी. आपण बोलताना सहज म्हणतो: मॅनोमीटर जोडला, हवा काढली, तीन निरीक्षणं घेतली. 'आम्ही' गळून गेलं आणि क्रियापद कर्माप्रमाणे चाललं. शाळेत शिकलेला कर्मणी प्रयोग तो हाच. इंग्रजी रिपोर्टमधलं 'वॉज कनेक्टेड', 'वॉज रिमूव्ड', 'वेअर टेकन' नेमकं हेच काम करतं. कर्म एकवचनी असेल तर वॉज, अनेकवचनी असेल तर वेअर. मुलांनी आधी केलेल्या कामाची नोंद मराठीत अशा सहा-आठ छोट्या वाक्यांत लिहावी आणि मग प्रत्येक वाक्य इंग्रजीत न्यावं. आज्ञार्थ आपोआप गळतो, आणि करणाऱ्याने खरंच काय केलं तेच कागदावर येतं. कारण मराठीत खोटी नोंद लिहिताना पेन अडखळतं.

काळाचा गोंधळही असाच सुटतो. केलं ते भूतकाळात, आकृती दाखवते ते वर्तमानकाळात, निसर्गाचा नियम वर्तमानकाळात. 'द रीडिंग्ज वेअर टेकन', 'फिगर २ शोज', 'डिस्चार्ज डिपेंड्स ऑन हेड'. एवढे तीन नियम पुरेसे आहेत. बाराही काळांचा तक्ता भिंतीवर लावायची गरज नाही. 'अ' आणि 'द' यांच्यासाठी 'एक' आणि 'तो' आठवावं. गोष्ट सांगताना आपण 'एक राजा होता, तो राजा' म्हणतो. पहिल्यांदा 'अ स्पेसिमेन', नंतर 'द स्पेसिमेन'. सगळे अपवाद यात बसत नाहीत हे खरं, पण प्रयोगाच्या रिपोर्टमधली बहुतेक ठिकाणं बसतात.

निष्कर्षासाठी तीन वाक्यांचा आग्रह धरावा, चौथं नको. पहिल्यात आलेला आकडा, एककासह. दुसऱ्यात तो अपेक्षित आकड्याशी ताडून, किती टक्के कमी-जास्त. तिसऱ्यात फरकाचं संभाव्य कारण, आणि तेही असं की पुढच्या प्रयोगात तपासून बघता येईल. 'ह्यूमन एरर' हे कारण स्वीकारायचं नाही; कुठला माणूस, कुठल्या क्षणी, काय चुकला ते लिहायचं. वरच्या व्हेंच्युरीमीटरचं तिसरं वाक्य मग असं येतं: टाकी भरण्याचा वेळ फक्त १२.५ सेकंद होता, त्यामुळे स्टॉपवॉचची एक सेकंदाची चूकही सीडीत आठ टक्क्यांचा फरक करते. पाणी १० ऐवजी ३० सेंमी चढू दिलं तर ही चूक तिपटीने घटेल. हे लिहिणाऱ्या मुलाने प्रयोग समजून घेतलाय. त्याचं इंग्रजी मोडकं असलं तरी तो रिपोर्ट 'हेन्स वी हॅव स्टडीड'च्या बिनचूक वाक्यापेक्षा कितीतरी मोलाचा आहे, आणि मार्कांतही तो वर राहायला हवा.

यावर येणारा आक्षेप खरा आहे: हे तपासायचं कुणी? आज प्राध्यापकांवर किती बोजा आहे ते सबमिशनच्या आठवड्यात लॅबबाहेरची रांग पाहिली तरी दिसतं. म्हणून हिशोब मांडून बोलू. २० मुलांची बॅच, सेमिस्टरला १० प्रयोग. सगळे दहा प्रयोग कराच, आकडे वहीत नोंदवा, त्यावर सही घ्या. पण पूर्ण रिपोर्ट फक्त चार प्रयोगांचा, एका पानाचा, आणि प्रत्येक दोनदा लिहिलेला. म्हणजे १६० पानं. पानाला ६ मिनिटं धरली तर १६ तास, १५ आठवड्यांत विभागून आठवड्याला तासाभराहून थोडं जास्त. ३०-४० पानांची दहा प्रयोगांची जर्नलं उलटून सह्या मारण्यात आजही वेळ जातोच, आणि त्यातून कुणाला काही मिळत नाही.

सहा मिनिटांत पान तपासायचं असेल तर सगळ्या चुका दुरुस्त करायचा मोह सोडावा लागतो. लाल पेनाने भरलेलं पान मुलं वाचत नाहीत, मार्क बघतात आणि मिटतात. पहिल्या खर्ड्यावर फक्त दोन गोष्टी बघाव्यात: निष्कर्षाची तीन वाक्यं आहेत का, आणि तक्त्यातले आकडे मजकुरातल्या आकड्यांशी जुळतात का. भाषेच्या चुकांकडे हेतुपुरस्सर दुर्लक्ष करावं. दुसऱ्या खर्ड्यावर फक्त क्रियापदाचा काळ आणि 'अ-द' एवढंच अधोरेखित करायचं. दुरुस्ती लिहून द्यायची नाही, ती मुलाने करायची. आणि हे काम एकट्या विषयशिक्षकावर टाकू नये. पहिला खर्डा विषयाच्या शिक्षकाने पाहावा, दुसरा इंग्रजीच्या. आज अनेक कॉलेजांत इंग्रजीचे शिक्षक पहिल्या वर्षापुरते 'ह्युमॅनिटीज'च्या कोपऱ्यात बसवलेले असतात. त्यांना आठवड्यातून दोन तास लॅबच्या टेबलाशी आणून बसवणं हा वेळापत्रकातला एवढासा बदल आहे.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, म्हणजे मुंबईकडे ज्याला ब्लॅकबुक म्हणतात ते, हा वेगळा आणि जास्त गंभीर विषय आहे. त्यातलं 'लिटरेचर सर्व्हे'चं प्रकरण जवळपास नेहमी यादीसारखं असतं. अमुक आणि इतर यांनी हे प्रपोज केलं. तमुक आणि इतर यांनी ते प्रपोज केलं. दहा निबंध, दहा परिच्छेद, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. यामागचं कारण आळस नसतं. मुलं निबंधाचा फक्त ॲब्स्ट्रॅक्ट, म्हणजे सुरुवातीचा सारांश, वाचतात, आणि ॲब्स्ट्रॅक्टमधून यादीच होऊ शकते. त्यांना वाचायचा क्रम द्यावा लागतो: आधी आकृत्या आणि त्यांच्या खालच्या ओळी, मग प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद, मग निष्कर्ष, आणि शेवटी पद्धतीचा भाग. प्रस्तावनेच्या शेवटच्या परिच्छेदावर भर का? कारण भाषाशास्त्रज्ञ जॉन स्वेल्स यांनी दाखवून दिल्याप्रमाणे शोधनिबंधाची प्रस्तावना बहुधा तीन पावलं टाकते: क्षेत्र कुठलं, त्यात उणीव कुठली, आणि ती हा निबंध कशी भरून काढतो. तिसरं पाऊल शेवटच्या परिच्छेदात पडतं. दुसरं पाऊल ओळखायची खूण म्हणजे 'हाउएव्हर'. मुलांना दहा प्रस्तावना देऊन प्रत्येकीतल्या 'हाउएव्हर'ला गोल करायला सांगा. निबंध कशासाठी लिहिलाय ते त्यांना तिथेच सापडतं.

मग पाच रकान्यांचा तक्ता करायचा: प्रश्न, पद्धत, कुठल्या परिस्थितीत तपासलं, आकडा किती आला, काय राहिलं. दहा निबंधांच्या दहा ओळी. तक्ता आडवा वाचला की यादी तयार होते, उभा वाचला की चर्चा. 'कुठल्या परिस्थितीत' हा रकाना वरून खाली वाचताना दिसतं की दहापैकी आठ जणांनी पिकाच्या रोगाचे फोटो प्रयोगशाळेत पांढऱ्या पार्श्वभूमीवर घेतलेत, शेतात उन्हात कुणीच नाही. हा झाला परिच्छेद, आणि हीच झाली प्रोजेक्टची जागा.

हे शिकवलं नाही की मुलं काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. मजकूर उचलतात, आणि मूळ मजकुराशी असलेल्या साम्याचा टक्का खाली आणण्यासाठी शब्द बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढतात. त्यातून काय निघतं याचे नमुने २०२१ साली संशोधक गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापून आलेल्या शोधनिबंधांतून जगासमोर ठेवले. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' झालेलं, म्हणजे बनावट जाणीव! छापील निबंधांत हे घडतं तर ब्लॅकबुकमध्ये काय घडत असेल? यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) वाङ्मयचौर्याविषयीचा २०१८ चा नियम १० टक्क्यांपर्यंतचं साम्य सोडून देतो आणि त्यापुढे ४० व ६० टक्क्यांच्या पायऱ्यांनी कारवाई वाढवतो. पण तो पदव्युत्तर आणि संशोधनाच्या लेखनासाठी आहे; असाइनमेंट आणि प्रोजेक्ट रिपोर्ट त्याच्या व्याख्येतून वगळलेले आहेत. म्हणजे ज्या वयात सवय लागते त्या वयात नियम नाही, आणि शिकवणारंही कुणी नाही. टक्केवारीची भीती घालण्याऐवजी एक साधी कसरत घ्यावी: निबंधातला परिच्छेद वाचायचा, पान पालथं घालायचं, शेजाऱ्याला मराठीत सांगायचं, आणि मग त्या सांगण्यावरून इंग्रजीत तीन वाक्यं लिहायची. मूळ वाक्यरचना मध्ये मराठी आल्यामुळे सुटते. खाली संदर्भाचा क्रमांक टाकायचा. हे स्वतःच्या शब्दांत लिहिणं झालं.

चॅटजीपीटीसारखी साधनं आता सगळ्यांच्या फोनमध्ये आहेत, त्यांवर बंदी घालून उपयोग नाही. पहिला खर्डा लॅबमध्येच, हाताने, शेवटच्या २५ मिनिटांत लिहून घ्यावा. दुसऱ्याला हवं ते साधन वापरू द्यावं, पण दोन्ही खर्डे जोडून द्यायचे. यंत्र वाक्य गुळगुळीत करून देईल. टाकीजवळ स्टॉपवॉच कोणी धरलं होतं आणि ते उशिरा दाबलं गेलं का, हे त्याला ठाऊक नाही. ते पहिल्या खर्ड्यात असायला हवं.

राहिला मराठी माध्यमाचा प्रश्न. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर एआयसीटीईने २०२१ पासून काही कॉलेजांना मराठीसह भारतीय भाषांत इंजिनिअरिंग शिकवायची परवानगी दिली. काहींना वाटतं की आता इंग्रजीचा प्रश्न मिटला, काहींना वाटतं की ही मुलं मागे पडणार. मला दोन्ही बाजू अर्ध्याच वाटतात. संकल्पना मातृभाषेत पक्की होते हे मान्य करायला जपान आणि जर्मनीकडे बघितलं तरी पुरे. तिथले इंजिनिअर स्वतःच्या भाषेत शिकतात आणि शोधनिबंध इंग्रजीत वाचतात-लिहितात. मराठीत शिकणाऱ्या मुलाला डेटाशीट, कोड आणि शोधनिबंध वाचण्यापुरतं इंग्रजी जास्त नेमकेपणाने शिकवावं लागेल, कारण ते त्याला वर्गातल्या व्याख्यानातून कानावरून मिळणार नाही. वर सांगितलेल्या जो-तोच्या आणि कर्मणी प्रयोगाच्या वाटा त्याच्यासाठीच सर्वांत सोप्या आहेत.

अभ्यास मंडळांनी करायचं ते फार नाही. टर्मवर्कच्या २५ मार्कांपैकी १० मार्क चार दुहेरी रिपोर्टांना द्यावेत, तिसऱ्या सेमिस्टरपासून, म्हणजे डायरेक्ट सेकंड इयरची मुलंही त्यात येतील. संपूर्ण जर्नलाची सक्ती काढून टाकावी. आणि ओरलला बाहेरून येणाऱ्या परीक्षकाने जर्नलाची जाडी चाचपण्याऐवजी दोन खर्डे समोर ठेवून एवढंच विचारावं: पहिल्यात सीडी १.०४ आहे, दुसऱ्यातही १.०४ आहे, पण निष्कर्ष बदलला. का बदललास? उत्तर मराठीत दिलं तरी चालेल.